बहुरूपी संगणक

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत शाळेच्या भांडारखोलीची आवराआवर चालली असतां एका लोखंडी कपाटाच्या तळाशीं पुठ्ठ्याची एक पेटी सांपडली. तींत सव्वापांच इंची चार फ्लॉपी चकत्या होत्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर चिठ्ठी डकविलेली होती. पैकीं एकीवर निळ्या शाईनें 'आमचा गाव, इयत्ता नववी, १९८६' एवढेच शब्द लिहिले होते. तें अक्षर कोणाचें, व चकतींत काय आहे, हें सांगूं शकेल असें आज शाळेंत कोणी नाहीं. ज्या यंत्रावर ती चकती लिहिली गेली तें यंत्र तर केव्हांच मोडींत निघालें. आजच्या संगणकास असली चकती घालण्याची खांच देखील नसते. मग आंतील मजकूर वाचावयाचा कसा? या प्रश्नाचा उलगडा करीत असतां मला जें शिकावयास मिळालें, तें आपणांपुढें व आपल्या पालकांपुढें ठेवावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

गांवोगांव फिरणारा बहुरूपी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एके दिवशीं तो पोलीस-अंमलदार होऊन दारांत उभा राहतो, दुसऱ्या दिवशीं तोच वैद्य होऊन येतो. एम्युलेटर हा संगणकांतील बहुरूपीच होय. तो एक प्रोग्राम असतो, व त्याच्या योगानें आपल्या टेबलावरचा नवा संगणक एखाद्या जुन्या, निराळ्या जातीच्या संगणकाचें सोंग घेतो. मात्र एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. बहुरूप्याचें सोंग पोषाखांत व बोलण्यांत असतें. अंमलदाराचे अधिकार कांहीं त्याच्या अंगीं येत नाहींत. एम्युलेटरची गोष्ट याच्या उलट आहे. जुन्या यंत्राची पेटी, तारा, कळा यांपैकीं कांहींच त्याच्यापाशीं नसतें. परंतु त्या यंत्राचें वर्तन तो हुबेहूब उतरवितो. जुन्या यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्राम त्यांत घातला, तर आपण परक्या घरीं आलों आहों याची त्या प्रोग्रामास गंधवार्ताहि लागत नाहीं.

ही कल्पना आजकालची नव्हे. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत असें सिद्ध केलें कीं, दुसऱ्या कोणत्याहि गणनयंत्राचें वर्णन हातीं दिलें असतां त्या वर्णनाबरहुकूम वागूं शकेल असें एक सार्वत्रिक यंत्र कल्पितां येतें. त्या वेळीं आजच्यासारखा संगणक अस्तित्वांतच नव्हता. पुढें १९६४ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें 'सिस्टिम ३६०' ही नवी यंत्रमाला जाहीर केली, तेव्हां तिच्या गिऱ्हाइकांपुढें मोठीच अडचण उभी राहिली. जुन्या '१४०१' यंत्रासाठीं लिहून घेतलेले पगारपत्रकांचे व हिशेबांचे प्रोग्राम फेंकून द्यावयाचे कीं काय? नवें यंत्रच जुन्याप्रमाणें वागेल अशी व्यवस्था कंपनीनें केली, आणि 'एम्युलेशन' हा शब्द संगणकशास्त्रांत रूढ झाला. तात्पर्य, ही विद्या खेळांकरितां जन्मली नाहीं. जुनें काम वायां जाऊं नये म्हणून जन्मली.

आतां आपल्या चकत्यांकडे वळूं. १९८१ च्या डिसेंबरांत इंग्लंडांतील केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीनें 'बीबीसी मायक्रो' नांवाचा संगणक बाजारांत आणिला. बीबीसी या संस्थेनें संगणक-साक्षरतेची मोहीम हातीं घेतली होती. दूरचित्रवाणीवरील पाठांना जोड म्हणून हें यंत्र निवडण्यांत आलें. तें घडविणाऱ्यांत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर हीं दोन नांवें प्रमुख होत. भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांतून संगणक-शिक्षणाचा 'क्लास' नांवाचा उपक्रम सुरू केला, तेव्हां त्यांतहि याच यंत्राची योजना झाली, व तें शेंकडों शाळांत जाऊन पोहोंचलें. आमच्या चकत्या त्याच काळच्या व त्याच यंत्राच्या. त्याच्या 'बी' प्रकारांत लिहितां-पुसतां येणारी स्मृति ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट, इतकीच होती. आजच्या सामान्य संगणकाची स्मृति ८ गिगाबाइट धरली, तर ती तिच्या अडीच लाख पटींहून अधिक भरते. असें असूनहि हा बलाढ्य संगणक त्या लहानग्या यंत्राचा प्रोग्राम आपण होऊन चालवूं शकत नाहीं. कारण दोघांची भाषा निराळी. ज्याला मोडी वाचतां येत नाहीं तो कितीहि विद्वान् असला तरी आजोबांचें दप्तर त्याला मुकेंच राहतें, तशांतलाच हा प्रकार आहे.

बीबीसी मायक्रोचा मेंदू म्हणजे १९७५ सालीं निघालेला '६५०२' हा प्रोसेसर. त्याला अवघ्या ५६ प्रकारच्या आज्ञा समजतात. त्याच्यासमोर ६५,५३६ कप्पे आहेत अशी कल्पना करा; पोस्टांत पत्रें लावण्याचे असतात तसे. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो, व प्रत्येकांत ० पासून २५५ पर्यंतची एकच संख्या राहूं शकते. याखेरीज प्रोसेसरच्या स्वतःच्या हाताशीं आंकडेमोडीचा एक कप्पा असतो. त्याला आपण 'हिशेबाचा कप्पा' म्हणूं. एम्युलेटर लिहिणारा मनुष्य प्रथम नव्या संगणकाच्या स्मृतींत हे सारे कप्पे मांडतो, आणि मग जुन्या प्रोसेसरची आज्ञासूचि जवळ ठेवून एकेक आज्ञा वाचावयास लागतो.

एक लहानसें उदाहरण घेऊं. ओळीनें सात कप्प्यांत पुढील संख्या आहेत असें समजा: १६९, ५, २४, १०५, ३, १३३, ११२. एम्युलेटर पहिली संख्या उचलतो: १६९. सूचींत तिचा अर्थ, 'पुढील संख्या हिशेबाच्या कप्प्यांत ठेव.' पुढील संख्या ५, ती ठेविली. नंतर २४, अर्थ, 'मागचा हातचा पुसून टाक.' बेरजेपूर्वीं हातचा शून्य करणें हें ज्यानें पाटीवर बेरजा केल्या आहेत त्याला समजावून सांगावयास नको. नंतर १०५, अर्थ, 'पुढील संख्या हिशेबांत मिळीव.' पुढें ३ आहेत. ५ व ३ मिळून ८ झाले. शेवटीं १३३; अर्थ, 'हिशेबाच्या कप्प्यांतील संख्या पुढें दिलेल्या क्रमांकाच्या कप्प्यांत ठेव.' तो क्रमांक ११२. पाहा, ११२ व्या कप्प्यांत ८ जाऊन बसले. जुन्या यंत्रानें तारांतील विजेच्या खेळानें जें केलें असतें, तेंच नव्या यंत्रानें सूचि वाचून केलें. फळ एकच. मोठमोठे खेळ व हिशेब हे असल्याच लक्षावधि बारीक आज्ञांचे बनलेले असतात.

पण एवढ्यानें काम संपत नाहीं. जुन्या यंत्रांत एक घड्याळ असे व तें सेकंदास २०,००,००० ठोके देई. वरील चार आज्ञांस अनुक्रमें २, २, २ व ३ असे एकूण ९ ठोके लागत. म्हणजे सेकंदाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील साडेचार भाग. आजचा संगणक हें काम पुष्कळच कमी वेळांत उरकतो. मग बिघडलें कोठें? बिघडतें तें असें कीं, प्रोग्राम वाजवीपेक्षां फार भरधाव सुटतो. खेळांतील चेंडू दिसण्यापूर्वींच पडद्यापार जातो. यासाठीं एम्युलेटर प्रत्येक आज्ञेचे ठोके मोजीत जातो. जुन्या यंत्राचा पडदा सेकंदास ५० चित्रें काढी. म्हणून सुमारें ४०,००० ठोक्यांचें काम झालें कीं एम्युलेटर एक चित्र दाखवितो, व सेकंदाचा पन्नासावा भाग पुरा होईपर्यंत स्वस्थ बसतो. शक्तिमान् नोकरानें आपल्या वृद्ध धन्याच्या पावलाशीं पाऊल जुळवून चालावें, तसें हें आहे.

वेळेचें हें गणित किती नाजूक असतें याचीं दोन उदाहरणें देतों. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यांत आकाशांतून ५५ शत्रु खालीं उतरतात. ते जसजसे मारले जावेत तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवूं लागतात. ही चढती गति मुद्दाम घातलेली नव्हती. काढावयाच्या आकृति कमी झाल्या कीं यंत्राचें ओझें हलकें होई, म्हणून ती आपोआप आली. व खेळाला रंग चढतो असें पाहून कर्त्यानें ती राहूं दिली. एम्युलेटरनें यंत्राचें हें दौर्बल्यहि जसेंच्या तसें उतरविलें पाहिजे, नाहींतर खेळाचा प्राणच निघून जावयाचा. दुसरें उदाहरण बीबीसी मायक्रोवरील 'एलीट' या खेळाचें. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन तरुणांनीं तो लिहिला. त्यांत ८ आकाशगंगा, व प्रत्येकींत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह आहेत. त्यांचीं नांवें व वर्णनें स्मृतींत साठविलेलीं नसून कांहीं बीजसंख्यांपासून तीं गणितानें दर वेळीं नव्यानें काढिलीं जातात. याच खेळांत पडद्याचा वरचा भाग बारीक रेषांचा व दुरंगी, तर खालचा भाग जाड ठिपक्यांचा परंतु अधिक रंगांचा आहे. हें साधण्यासाठीं प्रत्येक चित्र अर्धवट निघालें असतांच प्रोग्राम पडद्याची पद्धति बदलतो. एम्युलेटरचे ठोके किंचित् चुकले कीं ही सीमारेषा थरथरूं लागते. ठोके बरोबर असले तरच ती स्थिर राहते; परीक्षा पाहण्याचा हा उत्तम उपाय होय.

आतां आमच्या चकत्यांचें काय झालें तें सांगतों. मुख्याध्यापकांच्या अनुज्ञेनें मी त्या एका जाणत्या गृहस्थांकडे नेल्या. त्यांच्यापाशीं जुनी फ्लॉपी ड्राइव्ह व ती आजच्या संगणकास जोडणारें एक लहानसें साधन होतें. अशा चकतीच्या एका बाजूस ४० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळांत १० खंड, व प्रत्येक खंडांत २५६ बाइट असतात. गुणाकार करून पाहा, १,०२,४०० भरतात. हे सर्व बाइट क्रमानें वाचून त्यांची एकच फाईल करितात. तिला चकतीची 'प्रतिमा' म्हणतात. एकदां प्रतिमा हातीं आली म्हणजे मूळ चकतीस पुनः हात लावावयास नको. चारांपैकीं तिघींच्या प्रतिमा निघाल्या. चौथीवर बुरशी चढून चुंबकीय लेप सुटला होता. तींतून कांहींहि मिळालें नाहीं. तिजवर कोणा मुलाचें किंवा मुलीचें काम होतें, तें आतां कधींच कळणार नाहीं.

शाळेंतील साध्या डेस्कटॉप संगणकावर आम्हीं 'बीबएम' हा एम्युलेटर बसविला. हा मूळ १९९४ सालीं लिहिला गेला व तो विनामूल्य मिळतो. तो सुरू करितांच काळ्या पडद्यावर जुन्या यंत्राची ओळख उमटते व खालीं एक बाणासारखें चिन्ह येतें. जणूं यंत्र नुकतेंच चालू केलें आहे. मेन्यूंतून चकतीची प्रतिमा निवडावी, मग तारकाचिन्ह व त्यापुढें रोमन लिपींत 'कॅट' हीं तीन अक्षरें टंकित करावीं, म्हणजे आंतील फाईलींची यादी येते. येथें नवशिक्याची एक फसगत होते. जुन्या कळफलकावर कांहीं चिन्हांच्या जागा निराळ्या होत्या, त्यामुळें भलतीच अक्षरें उमटूं लागतात. यावर तोडगा असा कीं, कळांवर छापलेलें अक्षर उमटावें अशी, किंवा कळांच्या जुन्या जागा कायम राहाव्यात अशी, दोहोंपैकीं हवी ती मांडणी मेन्यूंतून निवडतां येते. लेखनास पहिली बरी, खेळास दुसरी.

यादींत पांच नांवें आलीं. त्या पद्धतींत फाईलीच्या नांवास सातांहून अधिक अक्षरें चालत नसत. एकीचें नांव रोमन लिपींत 'गाव' असें होतें. ती चालवितांच पडदा पुसला गेला, व वर मध्यभागीं देवनागरी अक्षरांत 'आमचा गाव' असे दोन शब्द उमटले. आम्हीं सारे क्षणभर स्तब्ध राहिलों. कारण या यंत्रांत देवनागरी लिपि मुळींच नव्हती. नववींतल्या त्या विद्यार्थ्यानें ती स्वतः घडविली होती.

ती कशी, हें आपणांसहि करून पाहतां येईल. चौकटीच्या कागदावर ८ ओळींचा व ८ स्तंभांचा चौरस आंखा. डावीकडून स्तंभांस १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किंमती द्या. अक्षर काढतांना जीं घरें काळीं होतील त्यांच्या किंमतींची प्रत्येक ओळींत बेरीज करा. 'ग' साठीं पहिली ओळ शिरोरेषेची. आठहि घरें काळीं, बेरीज २५५. पुढील तीन ओळींत ३२ व २ हीं घरें, बेरीज ३४. नंतरच्या दोन ओळींत ६४, ३२ व २, बेरीज ९८. शेवटच्या दोन ओळींत केवळ काना, बेरीज २. अशा रीतीनें २५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २, २ या आठ संख्या म्हणजे 'ग' हें अक्षर. शिरोरेषा पूर्ण रुंदीची असल्यामुळें अक्षरें शेजारीं येतांच तीं आपोआप जोडलीं जातात. 'आमचा गाव' यासाठीं अ, काना, म, च, ग व व अशा सहा आकृति, म्हणजे ४८ संख्या लागल्या. अशा आकृतींसाठीं यंत्रांत सामान्यतः ३२ च जागा असत. त्यांत सारी वर्णमाला व मात्रा मावणें अशक्य. म्हणून शीर्षक तेवढें देवनागरींत लिहून पुढचा मजकूर त्यानें रोमन अक्षरांत मराठींत लिहिला होता. गांवांत घरें किती, विहिरी किती व त्यांपैकीं उन्हाळ्यांत आटतात किती, एस्. टी. कोणत्या वेळीं येते, शाळेस कोण कोण किती अंतर चालून येतात, असा तो वृत्तांत होता. पडद्याचीं सहा पानें; पण त्यांत एक गांव होता.

असाच, परंतु फार मोठा, प्रसंग इंग्लंडांत घडला आहे. विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या राज्याची मोजदाद करवून 'डूम्सडे बुक' नांवाचा दप्तर-ग्रंथ लिहविला. त्यास ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बीबीसीनें नवें 'डूम्सडे' तयार केलें. हजारों शाळांतील मुलांनीं आपापल्या परिसराचीं वर्णनें लिहिलीं. सहभागी झालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. हें सर्व दोन लेझर-तबकड्यांवर भरून बीबीसी मायक्रोच्याच घराण्यांतील एका संगणकावर पाहण्याची सोय केली होती. परंतु पंधरा वर्षांच्या आंतच त्या तबकड्या चालविणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं. ९०० वर्षांपूर्वींचा ग्रंथ उघडून वाचतां येई, आणि कालपरवांची तबकडी मात्र मुकी पडूं लागली! शेवटीं लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या अभ्यासकांनीं 'कॅमिलिऑन' या प्रकल्पांत तिच्यासाठीं एम्युलेटर रचिला व २००२ सालीं तो चालवून दाखविला. आम्हीं वापरलेल्या 'बीबएम' चाच तो वाढविलेला अवतार होता. मुलांनीं लिहिलेलीं तीं वर्णनें पुनः वाचतां येऊं लागलीं.

नाण्यांच्या खेळयंत्रांसाठींहि असें काम झालें आहे. इटलींतील निकोला साल्मोरिया यांनीं १९९७ सालीं 'मेम' हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. खेळ खेळतां येणें हा त्याचा आनुषंगिक लाभ. जुन्या यंत्रांची रचना नोंदवून ठेवणें हा मुख्य हेतु, असें त्याचे कर्ते सांगत आले आहेत.

येथें पालकांच्या मनांत एक शंका येईल, व ती रास्त आहे: हें सारें कायद्यास धरून आहे काय? दुसऱ्याच्या यंत्राचें वर्तन अभ्यासून स्वतंत्रपणें एम्युलेटर लिहिणें हा अपराध नव्हे. अमेरिकेंतील एका वरिष्ठ न्यायालयानें सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत २००० सालीं अशा अभ्यासास अनुकूल निर्णय दिला. परंतु एम्युलेटर व त्यांत घातला जाणारा खेळ या दोन भिन्न वस्तु आहेत. आपल्या १९५७ च्या कायद्यांत संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतींत गणला जातो, व लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत त्याचा स्वामित्वहक्क टिकतो. खेळ जुना झाला किंवा दुकानांत मिळेनासा झाला, एवढ्यानें तो बेवारशी होत नाहीं. म्हणून जें आपलें आहे, जें विकत घेतलें आहे, किंवा जें कर्त्यानें स्वतः मोकळें केलें आहे, तेंच वापरावें. आपण स्वतः लिहिलेलें वापरावें हें तर सर्वांत उत्तम.

खेळण्यास माझी हरकत नाहीं. मात्र खेळतांना एकदां तरी हा विचार करावा कीं, पडद्यावर हालणारें चित्र सात-आठ संख्यांच्या कोणत्या ओळींतून निघालें असेल. आजच्या यंत्राचें अंतरंग एका मनुष्याच्या आवांक्यांत राहिलेलें नाहीं. बीबीसी मायक्रोचें मात्र नववींतील मुलासहि समजूं शकतें. शिकणाऱ्यास हाच त्याचा मोठा उपयोग.

शेवटीं एक विनंती. ज्यांच्या घरीं अशा जुन्या चकत्या असतील त्यांनीं त्या ऊन व दमट हवा यांपासून जपाव्यात, आणि त्यांच्या प्रतिमा लवकर काढून घ्याव्यात. बुरशी कोणाची वाट पाहत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपलें आजचें कामहि तारीख व नांव घालून दोन ठिकाणीं ठेवावें. 'आमचा गाव' लिहिणाऱ्यानें चिठ्ठीवर आपलें नांव लिहिलें नाहीं. तो किंवा ती आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. कदाचित् कोणाची आई, कोणाचा बाप म्हणून हाच अंक हातीं घेऊन वाचीत असेल. तसें असल्यास त्यांनीं शाळेंत अवश्य यावें. प्रतिमा तयार आहे, यंत्रहि तयार आहे, आणि त्या सहा पानांखालीं लिहावयाचें नांव तेवढें अद्याप रिकामें ठेविलें आहे.